मनगटावरचा चंद्र: मूनफेज घड्याळ निवडावं कसं, लावावं कसं

ज्याच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याला आज चंद्र किती हे कळायला पाच लाखांचं घड्याळ लागत नाही. चौकटीत तिथी असते, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळही असते, आणि हे सगळं भेळेच्या प्लेटच्या भावात वर्षभर पुरतं. तरीही घड्याळांचा नाद लागलेला पुणेकर फिरून फिरून मूनफेजपाशी, म्हणजे चंद्राची कला दाखवणाऱ्या घड्याळापाशी, येतोच. आधी म्हणतो, "मला साधं, तारखेचं पुरे." मग कधीतरी शोकेसमध्ये सहाच्या आकड्यावरची ती निळी खिडकी दिसते, त्यातून अर्धवट डोकावणारा सोनेरी चंद्र दिसतो, आणि पुढचे सहा महिने घरच्यांचे हाल.

ओढ कशाची, हे आधी नीट कळलेलं बरं, कारण त्यावरच कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही हे ठरतं. घड्याळातली बाकीची कामं कुठे ना कुठे उपयोगी पडतात. क्रोनोग्राफवर, म्हणजे घड्याळातल्या स्टॉपवॉचवर, निदान कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर मोजता येतं. चंद्राचा मात्र व्यवहारात काडीचा उपयोग नाही. एके काळी होता. अठराव्या शतकातल्या इंग्रजी उभ्या घड्याळांवर चंद्राची तबकडी असायची, कारण दिव्यांविना रस्त्यांवर रात्रीचा प्रवास चांदण्याच्या भरवशावर ठरायचा. आज उरलंय ते फक्त चित्र. सगळ्या डायलवर ही एकच गोष्ट आकड्यांत बोलत नाही, आणि इतकी सावकाश चालते की चालताना कधी पकडता येत नाही. सेकंद काटा नजरेसमोर धावतो. चंद्र तुम्ही झोपल्यावर एक पाऊल टाकतो.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: मूनफेज घेताना अचूकतेला जादा पैसे मोजू नका. पैसे मोजा ते चंद्राच्या चित्राला, खिडकीच्या आकाराला आणि घड्याळ लावण्याच्या सोयीला. का, ते पुढे येईलच.

आत काय चालतं

बुधवार पेठेतल्या एका बोळात, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढ्या दुकानात, एक कारागीर काका बसतात. एकदा त्यांनी एक जुनं मूनफेज डायल काढून उघडं ठेवलं होतं. मी वाकून बघतोय म्हटल्यावर डोळ्याचं भिंग माझ्या हातात दिलं.

"काका, एवढंच?"

"मग काय रॉकेट वाटलं तुम्हाला? ही तबकडी, हे एकोणसाठ दाते, हे ढकलणारं बोट. चोवीस तासांत एकदा ढकलतं. बाकी वेळ तबकडी झोपा काढते."

खरंच एवढंच असतं. निळ्या तबकडीवर समोरासमोर दोन चंद्र रंगवलेले, म्हणजे एक बुडाला की दुसरा तयार. कडेला करवतीसारखे बारीक ५९ दाते. तासकाट्याच्या चक्रावरून फिरणारं एक चक्र दिवसातून एक फेरी घेतं, त्याला एक बोट असतं, आणि मध्यरात्रीच्या आगेमागे ते बोट एका दात्याला पुढे सारतं. केसाएवढी एक स्प्रिंग दात्यांच्या खाचेत टेकून बसलेली असते, तिच्यामुळे तबकडी मध्येच हलत नाही. काकांनी चिमट्याच्या टोकाने एक दाता सरकवून दाखवला. भिंगाशिवाय मला चंद्र हललेला कळलाही नसता.

दोन चंद्र आणि ५९ दाते, म्हणजे एका चंद्राच्या वाट्याला साडेएकोणतीस दिवस. खरा चंद्र एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं ३ सेकंद घेतो. फरक पाऊण तासाहून किंचित कमी. वर्षाला तो नऊएक तासांवर जातो, आणि साधारण दोन वर्षं साडेसात महिन्यांनी घड्याळातला चंद्र आभाळातल्या चंद्राच्या पूर्ण एक दिवस पुढे निघून जातो.

१२२ वर्षांचं काय ते

इथून जाहिरात सुरू होते. तबकडीखाली आणखी चक्रं घालून १३५ दात्यांची रचना केली की चूक महिन्याला मिनिटाच्या आत येते, आणि एक दिवसाचा फरक पडायला १२२ वर्षं लागतात. महागड्या घड्याळांत हा आकडा सर्रास भेटतो. ए. लांगे उंड झोने या जर्मन कंपनीच्या टेरालूना घड्याळात तो १०५८ वर्षांवर जातो. आयडब्ल्यूसीने २०२४ मध्ये पोर्तुगीझर इटर्नल कॅलेंडर आणलं, त्याचा दावा साडेचार कोटी वर्षांचा आहे. हिशेब म्हणून तो खरा आहे, आणि तेवढी चक्रं मनगटाएवढ्या जागेत बसवणं ही कारागिरी म्हणून थोरच आहे.

पण हे सगळे हिशेब सरासरी चंद्राचे. आभाळातला चंद्र सरासरीने चालत नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार, पृथ्वीजवळ आला की वेग वाढतो, दूर गेला की मंदावतो. म्हणून तर आपल्या पंचांगात तिथी कधी एकोणीस-वीस तासांची असते, तर कधी सव्वीसच्या पुढे जाते, आणि क्षय-वृद्धीचा घोळ होतो.

२०२५ सालच्या कोजागिरीपासूनचा महिना घ्या. पौर्णिमा ७ ऑक्टोबरला सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली. दिवाळीची अमावास्या संपली २१ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे पूर्ण चंद्र ते शून्य चंद्र, १४ दिवस आणि साडेआठ-पावणेनऊ तास. तिथून त्रिपुरी पौर्णिमा संपली ५ नोव्हेंबरला, संध्याकाळी पावणेसातनंतर: १५ दिवस आणि तासभर. साडेचार कोटी वर्षं न चुकणारं घड्याळही दोन्ही पंधरवडे सारखेच मोजणार, प्रत्येकी पावणेपंधरा दिवसांचे. कोजागिरीला अगदी बरोबर लावलं असतं तरी त्या दिवाळीत ते दहाएक तास मागे असणारच होतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

तेव्हा दुकानातला मुलगा "सर, एकशे बावीस वर्षं बघायलाच नको" म्हणाला की मान डोलवा आणि पुढचं घड्याळ दाखवायला सांगा. साध्या ५९ दात्यांचा चंद्र नजरेला तेवढाच बरोबर असतो. शिवाय घड्याळ चार दिवस कपाटात पडून बंद झालं की अचूकता तिथेच संपली, मग ते कितीही कोटींचं का असेना.

खिडकीकडे नीट बघा

आता जिथे वेळ घालवायचा ती गोष्ट. बहुतेक घड्याळांत खिडकीच्या खालच्या बाजूला दोन फुगीर उंचवटे असतात. चंद्र डाव्या उंचवट्यामागून निघतो, मध्यावर पूर्ण दिसतो आणि उजव्यामागे बुडतो. शुद्ध पक्षात उजवी कड उजळलेली आणि वद्य पक्षात डावी, हे उत्तर गोलार्धाला धरून बरोबर आहे.

चुकतं ते आकारात. कोर असेपर्यंत उंचवट्याची गोलाई चंद्राला कोरीसारखीच कापते, छान दिसतं. अष्टमीला खऱ्या चंद्राची कड सरळ रेषेत असते. घड्याळात ती सरळ कधीच होत नाही. आणि दशमी-एकादशीला आभाळात फुगलेला चंद्र असतो, तेव्हा घड्याळात कडेला दाताने तोडलेलं बिस्कीट दिसतं. बहुतेकांच्या हे कधी लक्षात येत नाही. एकदा आलं की मग सारखं दिसतं, म्हणून विकत घेण्याआधीच बघून ठेवा आणि आपल्याला ते चालतंय का हे ठरवा. मला चालतं.

ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी गोळ्याचा चंद्र असतो: अर्धा उजळ, अर्धा काळा, स्वतःभोवती फिरणारा. त्यात कला अगदी खऱ्यासारख्या दिसतात. कल्पना नवी नाही. ग्रीसजवळच्या समुद्रातून वर काढलेल्या, दोन हजारांहून अधिक वर्षं जुन्या अँटिकिथेरा यंत्रात असाच गोळा होता असं अभ्यासक मानतात. आज द बेथून आणि अरनॉल्ड अँड सन अशी घड्याळं करतात. किंमत विचारायच्या आधी बसून घ्यावं.

आणखी एक गंमत, खास आपल्या अक्षांशाची. पुणे साडेअठरा अंशांवर. बीजेची-तीजेची कोर आपल्याकडे पश्चिमेला बऱ्यापैकी आडवी पडलेली दिसते, होडीसारखी. कपाळावरच्या चंद्रकोरीत ती तशीच येते. घड्याळातली कोर उभी असते, कारण ती युरोपातल्या आभाळावरून बेतलेली आहे. तेवढ्यासाठी मनगट वाकडं करून बघायची सवय लागते.

खिडकी किती मोठी, चंद्र छापलेला की कोरलेला, निळा रंग लाखेचा, मीनाकारीचा की आत कण चमकणाऱ्या अ‍ॅव्हेंच्युरीन काचेचा, हे दुकानात भिंग मागून बघा. चांगल्या दुकानात भिंग मागितल्याचा कुणाला राग येत नाही. छपाईत ठिपके फुटलेले दिसतात, तारे मोजून सारख्या अंतरावर बसवलेले असतात. कोरीव चंद्रावर कड धारदार असते आणि घड्याळ तिरकं केलं की उजेड सरकतो. ब्लाँपाँ या स्विस कंपनीच्या चंद्राला नाकडोळे असतात, जुन्या उभ्या घड्याळांची ती परंपरा. काहींना गोड वाटतो, काहींना लहान मुलांच्या पुस्तकातला. ओमेगाच्या २०१६ सालच्या स्पीडमास्टर मूनफेजवर चंद्राच्या पृष्ठभागाचं बारीक चित्र आहे आणि त्यात अंतराळवीराच्या बुटाचा ठसाही आहे. हे मला जरा जास्तच वाटतं, पण भिंगातून बघायला मजा येते.

पुण्यात घ्यायला जाताना

लक्ष्मी रोड, कॅम्पातला एमजी रोड, विमाननगरचा फिनिक्स मॉल. या तीन ठिकाणी फिरलं की बहुतेक बघून होतं. शनिवार-रविवार टाळा. आठवड्यातली दुपार गाठली तर माणूस ट्रेवर चार घड्याळं निवांत काढून ठेवतो. (एक ते चार कुठलं दुकान उघडं असतं, हा विनोद जुना झाला. मॉलमध्ये उघडं असतं.)

दुकानात पहिली परीक्षा ही: खिडकीत चंद्र आहे म्हणजे मूनफेज आहे असं नाही. स्वस्तातल्या पुष्कळ घड्याळांत तो फक्त दिवस-रात्र दाखवतो; दिवसा सूर्य वर येतो, रात्री चंद्र. ओरिएंटच्या 'सन अँड मून' घड्याळांत हेच असतं, आणि नावातच सांगितल्यामुळे कंपनीकडून फसवणूक काही नाही, पण विकणारा बिनधास्त "मूनफेज आहे" म्हणतो. परवानगी घेऊन चावी ओढा आणि तासकाटा दोन पूर्ण फेऱ्या पुढे फिरवा, म्हणजे चोवीस तास. चंद्र जाऊन सूर्य आला आणि परत चंद्र आला, तर ते मूनफेज नाही. खऱ्या मूनफेजमध्ये तबकडी जेमतेम सहा अंश सरकते.

दुसरा घोळ नावाचा. ओमेगाचं 'मूनवॉच' म्हणजे १९६९ च्या चांद्रमोहिमेशी जोडलेलं स्पीडमास्टर. त्यात चंद्रकला नसतात. मूनफेज असलेलं स्पीडमास्टर वेगळं. स्वॉचने ओमेगाबरोबर काढलेल्या मूनस्वॉचमध्ये मार्च २०२४ मध्ये स्नूपीचं चित्र असलेलं मूनफेज आलं. सेलवर चालतं, हलकंफुलकं आहे, आणि आपल्याला हा नाद खरंच आहे का हे तपासायला लाखभराच्या आत याच्याइतकं मजेदार दुसरं नाही.

दोन ते चार लाखांच्या टप्प्यात लाँजीन मास्टर कलेक्शन आणि फ्रेडरिक काँस्टंटचं स्लिमलाइन मूनफेज बघा. या दुसऱ्याचं मला विशेष कौतुक, कारण चंद्र, तारीख, वेळ सगळं एका चावीने लागतं. अंगावर टोचायची बटणं नाहीत. दहा लाखांच्या आसपास आणि वर ओमेगा, झेगर-लकूल्त्रचं मास्टर अल्ट्रा थिन मून. तिथून पुढे ब्लाँपाँ, लांगे, पाटेक फिलिप.

पाटेकने १९२५ मध्ये पहिलं कायम कॅलेंडरचं (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष स्वतःच सांभाळणारं) मनगटी घड्याळ केलं, त्यात चंद्र होता. १९५० च्या सुमारास रोलेक्सनेही ६०६२ या मॉडेलात चंद्र बसवला. त्यातलं व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाय याचं घड्याळ २०१७ मध्ये जिनिव्हात पन्नास लाख स्विस फ्रँकांवर गेलं. मधल्या काळात सेलच्या घड्याळांनी यांत्रिक घड्याळांचं कंबरडं मोडलं, आणि १९८३ मध्ये ब्लाँपाँने नेमका चंद्रच पुढे करून पुनरागमन केलं. ज्या गोष्टीत सेलचं घड्याळ सहज जिंकेल ती सोडून जिथे स्पर्धाच नाही तिथे उभं राहायचं, हा डाव होता, आणि तो लागला.

पैशांचं थोडक्यात. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतं, आणि तेवढी रोकड कुणी घेत नाही, घेऊही नये. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, घेतो. विवरणपत्र भरताना तो वजा मिळतो, म्हणून पावती जपा. भारत आणि एफ्टा (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट) यांच्यातला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पण तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं थांबायचं असेल तर थांबा बापडे. कंपन्या दर वर्षी किंमत चढवतात, तेव्हा वाचणारं किती आणि वाढणारं किती याचा हिशेब बरोबरीत सुटायचा.

जुनं घ्यायचं असेल तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मौज म्हणून फिरा, मूनफेजसाठी नको. जुन्या चंद्राच्या घड्याळांचं डायल आणि तबकडी पुन्हा रंगवलेली असण्याचा संभव मोठा. खूण अशी: डायल म्हातारं आणि चंद्र कालचा, किंवा उलट. दोघांचं वय एकच दिसायला हवं. मशीन उघडून दाखवायला जो नाही म्हणेल त्याला आपणही नाही म्हणावं.

लावायचं कसं

ही पायरी नीट कळली की घड्याळाची भीती जाते. पुण्यात राहणाऱ्याला यात एक सोय आहे जी जिनिव्हात नाही: पंचांग.

आधी घड्याळाला चावी द्या, वीस-तीस फेरे. ऑटोमॅटिक असलं तरी थांबलेलं घड्याळ मनगटावर हलवून चालू करण्यापेक्षा चावी बरी.

मग काटे पुढे फिरवा, तारीख बदलेपर्यंत. तारीख बदलली म्हणजे मध्यरात्र झाली. तसेच पुढे नेऊन सकाळच्या सहा-सातवर थांबवा. ही पायरी कुणीही गाळू नये. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात आतलं बोट दात्याला टेकलेलं असतं. काही घड्याळांत ही वेळ आणखी मोठी असते, सोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. त्या वेळात बटण दाबलं की एकीकडून बोट आणि दुसरीकडून तुमचं बटण, मध्ये बिचारा दाता. काकांच्या दुकानात चिमट्याने दाखवलेलं ते जुनं घड्याळ याच कारणाने आलेलं होतं. दाता वाकलेला, चंद्र अमावास्येला अडकलेला. "लोक रात्री निवांत बसून घड्याळ लावतात," काका म्हणाले, "तिथेच घोटाळा."

आता चंद्राचं बटण शोधा. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डब्याच्या, कडेला टाचणीच्या टोकाएवढा खळगा असतो. सोबत आलेली सळई वापरा, ती हरवली असेल तर लाकडी टूथपिक. सेफ्टीपिन, कंपासचं टोक, साडीची पिन यांनी केसवर ओरखडे पडतात आणि ते कायमचे. ब्लाँपाँच्या काही घड्याळांत बटणं पट्ट्याच्या कानांखाली असतात, ती बोटाने दाबता येतात. चावीने लागणारं असेल तर चावी अर्धी ओढून एका दिशेने फिरवली की चंद्र सरकतो.

बटण दाबत चंद्र खिडकीच्या बरोबर मध्यावर आणा. पूर्ण चंद्र. अमावास्येवरून लावायला जाऊ नका, कारण रिकाम्या खिडकीचा मध्य कुणाला सापडत नाही.

आता कालनिर्णय, नाहीतर दाते पंचांग. मागची पौर्णिमा शोधा, आणि पौर्णिमा कुठल्या दिवशी साजरी झाली हे बघू नका, ती संपली कधी ते बघा. पौर्णिमा संपते तो क्षण म्हणजे चंद्र आणि सूर्य बरोबर १८० अंशांवर असण्याचा, खगोलशास्त्राची पौर्णिमा तीच. कोजागिरीचंच उदाहरण घ्या: दूध आटलं ६ ऑक्टोबरच्या रात्री, पौर्णिमा संपली ७ च्या सकाळी. मोजायला सुरुवात ७ पासून. समाप्ती 'उत्तररात्री' लिहिली असेल तर ती इंग्रजी तारखेने दुसऱ्या दिवशीची धरायची. इथे पुष्कळ जण एका दिवसाने चुकतात.

समजा, घड्याळ १६ ऑक्टोबरला लावताय. ७ ते १६, नऊ दिवस. बटण नऊ वेळा दाबा. प्रत्येक वेळी बारीक 'टक्' जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर ती दाब मोजू नका. झालं.

मग तारीख, वार, महिना जे असेल ते, आणि शेवटी वेळ. काटे पुढेच न्या. दुपार-संध्याकाळची वेळ लावायची असेल तर बारा ओलांडून पुढे जायचं असतं, हे विसरलं तर तारीख भर दुपारी बदलते आणि चंद्रही दुपारी पाऊल टाकतो.

बरोबर लागलंय का, हे त्याच रात्री गच्चीवर जाऊन बघता येतं. संकष्टीच्या आसपास असाल तर आणखी एक मजा करा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. खिडकीत चंद्र मध्यापासून किती पावलं पुढे आहे ते मोजा, पन्नासने गुणा, सूर्यास्तात मिळवा. संकष्टीचा उपास सोडायला या हिशेबावर विसंबू नका, अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो आणि घरात साबुदाणा संपलेला असतो. पण राजगडला रात्रीचा ट्रेक ठरवताना, किंवा उलट, तारे बघायला अंधारी रात्र शोधताना, एका नजरेत अंदाज येतो. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आभाळ दाखवतेय. तिथल्या एखाद्या कार्यक्रमात दुर्बिणीतून चंद्र बघा आणि मग मनगटावरचा. विवरांच्या सावल्या बघितल्यावर ती सोनेरी टिकली जरा जास्तच गुळगुळीत वाटते.

सांभाळायचं

मूनफेज घड्याळं बहुधा नाजूक प्रकृतीची असतात. पाण्याचा दावा पुष्कळदा ३० मीटरचा. त्याचा अर्थ हात धुताना चार थेंब उडाले तर हरकत नाही, एवढाच. चंद्राचं बटण म्हणजे केसला पडलेलं आणखी एक भोक. जुलैत स्कूटरवर कर्वे रोडने जाताना ते घालू नका, आणि काचेच्या आत वाफ दिसली तर 'उद्या बघू' न म्हणता त्याच दिवशी उघडायला द्या. ढोल पथकात वाजवणाऱ्यांनी सरावाला जाताना घड्याळ घरी ठेवावं. टिपरूच्या दणक्याने बारीक स्प्रिंगांचं काय होतं ते काकांना विचारा. स्पीकर आणि पर्सची चुंबकाची कडी यांपासूनही लांब.

साध्या मूनफेजला फिरवत ठेवणारी विजेची पेटी घेऊ नका. पुन्हा लावायला पाच मिनिटं लागतात. ती कायम कॅलेंडरवाल्यांची गरज.

मशीनची सर्व्हिस पाचेक वर्षांनी. द्यायच्या आधी खिडकीचा जवळून फोटो काढून ठेवा, तबकडीवरचा बारीकसा ओरखडाही दिसेल असा.

राहिला तो एका दिवसाचा फरक. घड्याळ न थांबता चालवत राहिलात तर दोन वर्षं साडेसात महिन्यांनी चंद्र एक दिवस पुढे जाणार, आणि बटण फक्त पुढेच ढकलतं, मागे नाही. उपाय सोपा: घड्याळ उतरवून थांबू द्या, बरोबर एक दिवस बंद ठेवा, आणि मग फक्त तारीख पुढे घेऊन चालू करा. आभाळातला चंद्र तोवर गाठ घेतो. हे कधी करायचं ते लक्षात ठेवायला अधिक महिना धरा. दोघांची कारणं अगदी वेगळी आहेत, पण अधिक महिनाही सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, म्हणजे मुदत जवळजवळ तीच. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. जावयाला अनारसे द्यायच्या यादीत खाली एक ओळ वाढवायची: घड्याळ एक दिवस बंद.